रुसल्याशिवाय फोटो नाही

आमच्या मराठी सभेचे लोक घरी आले आणि म्हणाले, मास्तर, स्मरणिका काढतोय, समाजातल्या एखाद्या थोर माणसावर चार पानं लिहून द्या. मी म्हणालो, देतो. कुणावर लिहिणार, त्यांनी विचारलं. आयेवर, मी म्हणालो. मग एकाने घसा साफ केला.

"बाई चांगली होती, पण..."

हा 'पण' मी तिच्या हयातीत पुष्कळ ऐकला. देवळात ऐकला, लग्नाच्या मांडवात ऐकला, बसच्या थांब्यावर ऐकला. माझ्या लेखात तो येणार नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं.

तिचं नाव सुभद्रा. पण आमच्या मोंतान्य ब्लांश गावात तिला सुभद्रा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तिची पोरं तिला 'आये' म्हणत. आमचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला जहाजाने या बेटावर येताना जी बोली घेऊन आले तिच्यातली ही हाक. पोरांचं ऐकून सगळं गाव तेच म्हणू लागलं. चिनी दुकानदारसुद्धा गल्ल्यावरून ओरडे, "आये, तेल पायजे?"

मी पुण्याहून बी.ए. होऊन परत आलो, गावच्या शाळेत लागलो आणि तिच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. बी.ए. मुद्दाम सांगतो. माझ्या बापाने जन्मभर ऊस तोडला आणि आईने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या. ही दोन अक्षरं मी कुणासाठी लपवणार नाही. आयेला मात्र त्यांचं काही कौतुक नव्हतं. पहिल्याच सकाळी मी कुंपणावरून अदबीने विचारलं, "नमस्कार. आपण इथेच वास्तव्यास असता का?"

ती गाय पिळत होती. आचळावरचा हात न काढता तिने आत हाक मारली, "या रं भायेर! शेजारी रेडिओ आलाय, बघा."

घरातून पोरं बाहेर आली. एक आलं, दोन आली, येतच राहिली. मी मोजायला लागलो तशी ती खेकसली, "मोजताय काय मास्तर? शेळ्या हायत त्या?"

पोरं मोजलेली तिला खपत नसे. नवरा साखर कारखान्यात अपघाताने गेला तेव्हा ती तरुण होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. दोन गाई, घरामागे भाजीचा तुकडा, सकाळी दुधाचा कॅन घेऊन दारोदार. सासरच्यांनी माहेरी जा म्हटलं, माहेरच्यांनी सासरी राहा म्हटलं. ती दोघांचंही न ऐकता गावाच्या टोकाला पत्र्याचं घर बांधून राहिली. मग पोरं आली. पांडूची आई बाळंतपणात गेली आणि बाप दुसरं लग्न करून निघून गेला. किस्नाचा भोजपुरी बाप गोदीवर कामाला जातो म्हणून पोर्ट लुईला गेला तो आलाच नाही. एक तमिळ मुलगी दूध घ्यायला यायची, ती एका संध्याकाळी परत गेली नाही, आणि तिला शोधायलाही कुणी आलं नाही. आये कुणाला आणायला गेली नाही. आलेल्याला तिने जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी परत वाढलं, एवढंच.

आता कॅमेऱ्याचं. इस्टेटीच्या बंगल्यात ती दूध घालायची. तिथली फ्रेंच मादाम कायमची देश सोडून चालली तेव्हा म्हणाली, सुभद्रा, तुला आठवण म्हणून काय देऊ? मादामने कपबश्यांकडे हात केला होता. आयेने टेबलावरच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं.

"हा? अगं, तुला हा चालवता येईल का?"

"तुमाला येतो ना? मग मला न यायला काय झालं?"

तो साधा डबा कॅमेरा होता. पोटाशी धरायचा, वरच्या काचेत वाकून बघायचं, ऊन आपल्या पाठीशी ठेवायचं आणि श्वास रोखून खटका दाबायचा. चिनी दुकानदाराची लॉरी पोर्ट लुईला माल आणायला जाई, तिच्याबरोबर ती रीळ धुवायला पाठवी. फोटो कधी लवकर येत, कधी दुकानदार विसरे. पहिल्या रिळात म्हणे नुसते गाईचे पाय होते. दुसऱ्यात पोरं दिसू लागली.

नळावर बायका हसल्या. एक जण मोठ्याने म्हणाली, "पोटी काही नाही, आणि लोकांच्या पोरांच्या तसबिरी काढत फिरते." आयेने घागर खाली ठेवली, कॅमेरा पोटाशी धरला आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"माज्या पोटाला डोळा फुटलाय, हा बघ. तुज्या पोटाला हाय का?"

आणि खटका दाबला. नळावरचा तो फोटो मी पाहिला आहे. त्या बाईचं तोंड अर्धवट उघडं आहे.

त्या काळी आमच्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन काढायची गोष्ट. मागे रंगवलेला पडदा, पुढे फुलदाणी, नवरा खुर्चीत आणि बायको खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, जणू दोघांना कुणीतरी दम दिलाय. लग्नात एक आणि मेल्यावर भिंतीवर लावायला एक. आयेच्या फोटोत कुणी कधी नीट उभं राहिलं नाही. पांडू परातीत पाय सोडून बसलाय आणि पाठ घासून घेतोय. तिघी बहिणी एकीच्या मागे एक बसून उवा काढतायत. किस्ना गाईखाली आडवा होऊन सरळ तोंडात धार घेतोय. एकाच थाळीत पाच-सहा हात, आणि एक हात दुसऱ्याचा घास ओढतोय.

जेवतानाचा फोटो काढलेला लोकांना बघवत नसे. खात्या पोराला नजर लागते, असं आमच्या बायका मानतात. माझी आईसुद्धा मानायची. मी एकदा तसं बोललो.

ती थाळ्या घासत होती. म्हणाली, "मास्तर, नजर लागायला आधी कुनी बघायला पायजे. ह्या पोरांकडं कोन बघत होतं? लागू दे एकदा. निदान कुनीतरी बघितलं म्हनायचं."

मी बी.ए. बाजूला ठेवून थाळ्या पुसायला घेतल्या.

तिच्या घराला बाहेरून पत्रा होता आणि आतून लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर ती भाताच्या खळीने फोटो चिकटवी. रोजचे फोटो कुठेही असत, चुलीच्या वर, कपाटाच्या दारावर. पण दारातून आत शिरल्यावर समोर जी भिंत दिसे ती वेगळी होती. तिच्यावर प्रत्येक पोराचा एकच फोटो, आणि त्या एकूण एक फोटोंत पोर रुसलेलं. कुणी गाल फुगवलेत, कुणी भिंतीकडे तोंड केलंय, कुणी जमिनीवर लोळून लाथा झाडतंय, कुणाच्या नाकातून शेंबूड ओघळलाय.

हा तिचा नियम होता. नवीन पोर आलं की पहिल्या दिवशी फोटो नाही. दुसऱ्या दिवशी नाही. नवं पोर शहाण्यासारखं वागतं, दिलेलं खातं, झोप म्हटलं की झोपतं. आये म्हणायची, "आज ते पावनं हाय. पावन्याचा फोटो कशाला?" मग एका दिवशी ते पोर थाळी लोटून देई, मला नको म्हणून किंचाळे, किंवा मला कमी वाढलं म्हणून गोठ्यामागे जाऊन बसे. त्या दिवशी घरात सण. आये हातातलं काम टाकून कॅमेऱ्याकडे धावे.

पांडूचं रुसणं तीन महिन्यांनी आलं. किस्नाला पोळीचा मोठा तुकडा गेला म्हणून तो शेवग्याखाली जाऊन बसला आणि म्हणाला, मी आता कधीच जेवणार नाही. आयेने फोटो काढला, कॅमेरा ठेवला, आणि सगळ्या पोरांना गूळ वाटला. पांडूला गूळ का वाटतायत ते कळेना, म्हणून तो आणखी रडला.

"लोकांपुढं कुनीबी हसतंय," ती मला म्हणाली. "रुसायला घर लागतं."

ह्याच नियमात आमच्या सभेचे अध्यक्ष सापडले. गणेशचतुर्थीला सभेने रोझ हिलहून फोटोवाला बोलावला होता. प्रत्येक कुटुंबाने गणपतीपुढे बसायचं, एकेक फोटो काढून घ्यायचा. आयेचं नाव पुकारलं आणि ती सगळी फौज घेऊन पुढे आली. किस्ना भोजपुरी, धाकटी तमिळ, आणखी एकाचं कूळ कुणालाच ठाऊक नव्हतं. अध्यक्ष रामाजीराव खाकरले.

"आये, फक्त आपल्यातली बसवा."

"आपल्यातली म्हंजे कोन?"

"म्हणजे... समजून घ्या ना."

"समजत नाय, म्हनून तर इचारते. किस्ना, आरती म्हन रं."

किस्नाने आरती म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता. मग आये रामाजीरावांच्या थोरल्याकडे वळली, "आता तू म्हन, बाळा." तो दुसऱ्या कडव्यात अडकला आणि त्याने बापाकडे पाहिलं. लोक हसले. रामाजीराव तरातरा मांडवाच्या कडेला गेले, खुर्ची ओढली, हाताची घडी घातली आणि खालचा ओठ पुढे काढून बसले. आयेने डबा पोटाशी धरला.

"रुसला," ती म्हणाली. "आता ह्यो बी आमचाच."

रामाजीराव भिंतीवर गेले, पांडू आणि किस्ना यांच्या मधोमध. त्यांनी फोटो काढून टाका म्हणून दोनदा निरोप पाठवला. आयेने उलट निरोप दिला, स्वतः येऊन घेऊन जा, जेवायच्या वेळेला या म्हणजे जेवूनच जाल. ते काही आले नाहीत.

साठ सालच्या मोठ्या सिक्लोनने तिच्या घराचं छप्पर उचलून उसात नेऊन टाकलं. फोटोंची भिंत मात्र उभी राहिली. वादळ सरल्यावर दक्षिणेकडच्या बातम्या येऊ लागल्या. आयेची बहीण सूयाकला समुद्राकाठी राहायची. आये एका लॉरीत बसून तिला बघायला गेली. बहीण धडधाकट होती. परत येताना आयेच्या बरोबर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. काळीसावळी, अंगावर कुणाचा तरी मोठा फ्रॉक, गळ्यात छोटा क्रूस. सेलिना. तिचा बाप मासे धरायचा. घर कोसळलं त्यात आईबाप दोघे गेले. तिच्या आत्याच्या घरी आधीच पोरांची गर्दी आणि वर छप्पर नाही. आत्या आयेला म्हणाली होती, थोडे दिवस ने, मग बघू.

सेलिनाइतकी गुणी मुलगी मी पाहिली नाही, आणि त्या गुणांनी आयेची झोप उडाली. मुलगी कुणी न सांगता भांडी घासायची. जेवण वाढलं की 'मेर्सी', म्हणजे आभारी आहे, म्हणायची, पाणी दिलं की 'मेर्सी' म्हणायची. सगळ्यांच्या आधी उठायची, अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवायची, जणू लगेच निघायचं आहे. पोरांनी चिडवलं तर हसायची. दर रविवारी आये तिला चर्चला घेऊन जाई आणि प्रार्थना संपेपर्यंत दुधाचा कॅन मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसे.

रामाजीरावांनी हेही काढलंच. "आये, आता घरात क्रूससुद्धा?"

"तिचा देव तिच्याबरुबर आला. त्याला मी कुठं हाकलू? बसलाय गनपतीच्या बाजूला. तेंची काय भांडनं नायत."

महिने गेले. घराला नवं छप्पर आलं, सेलिना आयेकडून बोली शिकली, पण भिंतीवर तिचा फोटो आला नाही. ती रुसतच नव्हती.

मग कुणीतरी सरकारात तक्रार केली, की एक हिंदू बाई ख्रिस्ती पोरीला मोलकरणीसारखी राबवते. तक्रार कुणाची ते कधी कळलं नाही. कुणी चर्चकडे बोट दाखवलं, कुणी सभेकडे. माझं मत मी सभेत उभं राहून सांगितलं होतं, इथे परत सांगत नाही.

एका दुपारी वेल्फेअरच्या बाई आल्या. तरुण होत्या, शहरातल्या, पांढरे बूट, हातात फाइल. वाईट बाई नव्हत्या. मी शेजारी म्हणून हजर होतो. दारातून आत आल्या आणि त्या भिंतीसमोर थबकल्या.

"ही सगळी मुलं रडतायत का?" त्यांनी बेटावरच्या क्रेओल बोलीत विचारलं.

"सगळी," आये अभिमानाने म्हणाली. "ह्यो पांडू. तीन महिने लागले ह्याला. ही धाकटी, हिनं तर माज्या हाताला चावा घेतला. ह्यो बघा कसा लोळतोय."

बाईंनी लिहून घेतलं. मी खोकलो. आयेचं लक्ष नव्हतं, तिला इतकं मन लावून भिंत बघणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. तेवढ्यात सेलिना ट्रेमध्ये चहा घेऊन आली, वाकून पुढे केला, "मेर्सी, मामझेल" म्हणाली आणि पाठीमागे हात बांधून उभी राहिली.

"हिचा फोटो कुठे आहे?"

"हिचा नाय अजून."

"का?"

"ही अजून रडली नाय."

बाईंचं पेन थांबलं. मी मध्ये पडलो, समजावायला गेलो, पण असल्या गोष्टी फ्रेंचमध्ये समजावताना आणखी वाईट दिसतात. जाताना फाटकाशी त्या मला म्हणाल्या, "मुस्ये, तुम्ही शिकलेले दिसता. एवढ्या घरात ह्याच एका मुलीचा फोटो नाही, आणि चहाही तीच आणते. मी शनिवारी मोटार घेऊन येते. शहरात मुलींचं वसतिगृह आहे, तिथे तिची सोय होईल."

मी घरात जाऊन सांगितलं. आये खाली बसली. मी म्हणालो, आये, सोपं आहे. उद्या सकाळी सगळ्यांना धुतलेले कपडे घालू, सेलिनाला मध्ये बसवू, एक छान हसरा फोटो काढू. रीळ मी स्वतः पोर्ट लुईला नेतो, शनिवारच्या आत भिंतीवर लावू. ही रडकी थोडे दिवस काढून ठेवू.

"आनि त्या फोटोत ती कोन म्हनून बसंल?"

"तुमची मुलगी म्हणून."

"ती अजून पावनी हाय, मास्तर. तिला बी ठाव हाय. पोरीच्या म्होरं मी खोटं लावू?"

"मग ती जाईल."

"मग काय करू? चिमटा काढून रडवू तिला?"

मी चिडलो. म्हणालो, आये, हा हट्ट आहे. ती म्हणाली, "हाय." आणि गाईला चारा घालायला गेली. भिंतीवरचा एकही फोटो हलला नाही.

शनिवारी मोटार आली. बाईंनी सेलिनाला जवळ घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, शहरात यायचं का, तिथे शाळा आहे, स्वतःचा पलंग आहे. सेलिना म्हणाली, "वी, मामझेल." ती कुणालाही हो म्हणायची. आत जाऊन तिने कपड्यांचं गाठोडं आणलं, ते जणू आधीपासूनच बांधलेलं होतं. आयेच्या पाया पडली. "मेर्सी, आये," म्हणाली. आयेने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलायला तिला वेळ लागला. पण तिने पोरीला धरून ठेवलं नाही. म्हणाली, "जा. हितं कुनाला बांधून ठेवत नाय." मोटारीचं दार लागलं.

आमच्या घरात प्रत्येकाचा पत्र्याचा एक मग असे. 'आमच्या' म्हणालो, तसंच राहू दे. सेलिनाच्या मगाला निळी कड होती आणि तो सगळ्यात मोठा होता. मोटार अजून सुरूही झाली नव्हती, तोवर किस्नाने त्यात चहा ओतून घेतला आणि ओट्यावर सगळ्यांना दिसेल असा पीत बसला. पोरांची जात अशीच असते.

मोटारीचं दार धाडकन उघडलं.

"ए! ते माजं हाय! आयो, आये, बघ ना, ली पे प्रां मो गोब्ले! ठेव खाली, कुत्र्या!"

सगळं गाव ऐकेल असा आवाज, अर्धी आमची बोली, अर्धी क्रेओल, की हा माझा मग घेतोय. सेलिना धावत आली आणि तिने मग ओढला. चहा दोघांच्या अंगावर सांडला. किस्ना म्हणाला, "तू चाललीस ना? मग तुला कशाला पायजे?" तिने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. आये मध्ये पडली आणि सवयीने म्हणाली, "असू दे गं, तो लहान हाय."

सेलिनाने आयेकडे असं पाहिलं, जणू आजवर तिच्यावर झालेला सगळा अन्याय आयेनेच केला होता.

"तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस! नेहमी! मला कोन नाय ह्या घरात!"

आणि ती पाण्याच्या पिंपामागे जाऊन, भिंतीकडे तोंड करून, मग छातीशी धरून मटकन बसली. खांदे गदगदत होते.

मी आयेला एवढ्या वेगाने धावताना परत कधी पाहिलं नाही. ती कॅमेरा घेऊन आली आणि धापा टाकतच तिने तो पोटाशी धरला. बाई मोटारीतून उतरून मध्येच उभ्या होत्या.

"मामझेल, जरा बाजूला व्हा. सावली पडतीय."

बाई बाजूला झाल्या. खटका वाजला. आयेने कॅमेरा ओट्यावर ठेवला, पदर तोंडाला लावला, आणि आतून गूळ आणून वाटला. पहिला खडा बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग न विचारता आत गेल्या आणि परत त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. या वेळी फाइल उघडली नाही. एकेक फोटो बघत त्या मधोमध आल्या.

"आणि हे मुस्ये कोण?"

"ते आमच्या सभेचे अध्यक्ष. ते बी रुसलेत. अजून घरी यायचे बाकी हायत."

बाई हसू आवरायला गेल्या, जमलं नाही. सेलिना पिंपामागून काही उठली नाही. तिला उठवायला कुणी गेलंही नाही. मोटार रिकामी परत गेली. पुढे सरकारी कागद आला, मुलगी आहे तिथेच राहील, अधूनमधून पाहणी होईल. पाहणीला त्याच बाई यायच्या आणि जेवून जायच्या.

कुणी म्हणेल, मास्तर, हा योगायोग, किस्नाने मग उचलला नसता तर? मी याचं उत्तर देत नाही. आयेने खोटा फोटो लावला असता तर सेलिना मोटारीतून उतरली असती की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला माझं ठाऊक आहे. तो फोटो हलल्यामुळे धूसर आला. पिंप ओळखू येतं, फ्रॉक ओळखू येतो, एवढंच. आयेने तो भिंतीवर सगळ्यांच्या वर लावला.

नंतर माझी बदली झाली. तिला मी शेवटचं पाहिलं ते साठच्या दशकाच्या अखेरीस, सूयाकच्या चर्चसमोर. सेलिनाचं लग्न होतं. मुलगा तिथलाच, बसवर कंडक्टर. आयेच्या घरची सगळी एका बसमधून आली होती, पांडू कोट घालून, किस्ना मिशा वाढवून. सभेतलं कुणी आलं नव्हतं. "चर्चमध्ये कसं जायचं?" म्हणाले होते. आये गेली होती. पुढच्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही, कारण देवापुढे चप्पल काढायची एवढं तिला माहीत होतं.

चर्चमधला प्रार्थनाविधी, मिस्सा, संपला. वऱ्हाड बाहेर पायऱ्यांवर आलं. समुद्रावरून वारा येत होता. शहरातला फोटोवाला तिपाई लावून उभा होता आणि सगळ्यांना जागा दाखवत होता. नवऱ्याचे आईवडील उजवीकडे उभे राहिले. मग त्याने ओरडून विचारलं, "नवरीची आई? नवरीची आई कुठे आहे?"

सेलिनाची आत्या हॅट सावरत एक पाऊल पुढे आली आणि थांबली. लोक एकमेकांकडे बघू लागले. फोटोवाल्याने घड्याळ पाहिलं.

आये खालून पायऱ्या चढायला लागली. अनवाणी, सावकाश, गुडघ्यावर हात देत. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने वाट अडवल्यासारखं करून विचारलं, "मादाम, तुम्ही कोण?" ती उत्तर द्यायला थांबली नाही. वर पोचली, आत्याला हाताने जवळ ओढलं आणि म्हणाली, "तू बी हितं ये, अशी." मग सेलिनाच्या डाव्या हाताला, अगदी खेटून उभी राहिली. पदर कानामागे खोवला आणि समोर बघितलं.

फोटोवाल्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "मादाम, जरासं हसा की."

"माजी पोरगी घरातनं चाललीय," आये मोठ्याने म्हणाली, चर्चच्या अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी कशाला हसू?"

फोटोवाला परत कापडाखाली गेला.